वाळवलेलं दही

१

आई गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी भाग्यश्री पोलीस ठाण्यात आली ती एक पत्र्याची पेटी काखेत मारूनच. सहायक निरीक्षक बुद्धरत्न ओव्हाळच्या टेबलावर तिने पेटी ठेवली, झाकण उघडलं आणि लुगड्यांच्या घड्यांखालून एक खोका बाहेर काढला. खोक्यावर दह्याच्या वाटीचं चित्र होतं आणि वर ठळक अक्षरात नाव, ‘सांधेसखा’. आतल्या पुड्या सगळ्या बंद होत्या. एकीचंही तोंड फाडलेलं नव्हतं.

“माझी वहिनी तुम्हाला काय म्हणाली होती, साहेब?”

बुद्धरत्नला ते चांगलं आठवत होतं. तानुबाई येळवंडे, चिखलीत मुलाकडे राहणारी म्हातारी. ताप आला, उलट्या सुरू झाल्या, डोळे मिटायला लागले. दवाखान्यात सलाईनवर सलाईन चढवलं तरी रक्तदाब काही वर येईना, आणि गौरी गेल्या तशी तीही गेली. तिथल्या डॉक्टरांना विषाचा संशय आला, म्हणून प्रकरण त्याच्याकडे आलं. तेव्हा सून दिव्या म्हणाली होती की आई गुडघ्यांसाठी एक पावडर घ्यायच्या, रोज, माझ्याच हातून.

“रोज हातून द्यायची, तर मग हा खोका असा कसा?” भाग्यश्री म्हणाली. “आणि दवाखान्यात ती डबा घेऊन आली ना, तेव्हा आईला बोलायचंही त्राण नव्हतं. पण डबा तोंडाशी आला तशी तिनं मान फिरवली. हातानं लोटून दिला. माणूस असं कधी करतं?”

“डब्यात काय होतं?”

“मला काय माहीत. मी आईच्या तोंडाकडं बघत होते.” मग तिचा आवाज फाटला. “गावाहून आली तेव्हा नुसती काडी होती. ही पावडर सुरू झाली नि चेहरा असा गोल गरगरीत झाला. आम्ही म्हणायचो, लेकाचं घर मानवलं. मानवलेलं माणूस असं जातं?”

पोलिसांना सून हा संशयित फार सोयीचा असतो. शोधायला लांब जावं लागत नाही. बुद्धरत्नने खोका ताब्यात घेतला आणि चिखलीचा रस्ता धरला.

२

प्रज्वल, म्हणजे तानुबाईंचा मुलगा, गॅलरीकडे तोंड करून बसला होता. बायको चौकशीला बसली तरी त्याने मान वळवली नाही. खाली मंडळाच्या मांडवात आरती चालू होती आणि या घरात दिवा तेवढा जळत होता.

दिव्या लातूरकडची. चाकणला एका कंपनीत मालाच्या तपासणीवर होती. खोका समोर आला तशी तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“खोटं बोलले मी,” ती म्हणाली. “आधी घेत होत्या. नियमानं घेत होत्या. हा नवा खोका आला आणि एके दिवशी म्हणल्या, म्हैनाभर पुडी नको गं आता. पजूला सांगू नको, त्यो वरडंल.”

“का नको?”

“विचारलं नाही. ह्यांना त्यांचे उपासतापास, देवधर्म आवडत नाही, दोघांचं त्यावरून वाजायचं. मला वाटलं, कंटाळल्या असतील औषधाला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी…” ती थांबली. “मी गप्प बसले. मग त्या गेल्या. ताईंना कळलं तर म्हणतील, औषध बंद करून मारलं. म्हणून बोलले तसं.”

“आणि डबा? त्यात काय होतं?”

“दहीभात. मऊ काही द्या म्हणले होते डॉक्टर. मी मऊ कुस्करून कालवला होता.” तिला स्वतःलाच ते उमगत नव्हतं. “माझ्या हातचं कधी नाकारलं नव्हतं हो त्यांनी.”

गॅलरीतून प्रज्वल पहिल्यांदा बोलला. “तिनं नाकारलं, कारण तिला कळलं होतं.”

दिव्याने त्याच्याकडे बघितलं नाही. बुद्धरत्नकडे बघत तिने हळूच विचारलं, “साहेब, कंपनीत आमच्याकडे भोक तपासायचं गेज असतं. त्याचं एक टोक आत जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये. नवी पोरं पहिलंच टोक लावतात आणि माल पास करतात. तुम्ही दुसरं टोक लावून बघाल ना?”

बुद्धरत्नचे वडील पिंपरीत फिटर होते, त्याला गेज माहीत होतं. दुसरं टोक नेमकं कुठे लावायचं, हे मात्र माहीत नव्हतं.

३

तळवड्याच्या एका गल्लीत पत्र्याची शेड होती. आत ज्ञानेश, सांधेसख्याचा कर्ताकरविता. पूर्वी औषधांच्या कंपनीत होता, बोलणं गोड, शर्ट कडक इस्त्रीचा. शेडमध्ये उकाडा इतका की बुद्धरत्नच्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

“आतडं बरं तर सांधा बरा, साहेब,” ज्ञानेश म्हणाला. “आतड्यातले चांगले जंतू वाढले की अंगातली सूज उतरू शकते. जगभर यावर अभ्यास चालू आहेत, मी मनचं सांगत नाही. या पुडीत ते जंतू जिवंत आहेत.”

“म्हाताऱ्या माणसांना हे कळतं?”

“त्यांना मी सोपं करून सांगतो. आजी, हे औषध नाहीच, वाळवलेलं दही आहे. पाण्यातून घ्या. दही खाऊन कुणी मेलंय का?”

बुद्धरत्नने कोपऱ्यातल्या फ्रिजचं दार उगाच ओढून बघितलं. आत लेबलांचे गठ्ठे होते आणि दिवा लागला नाही. मग त्याने पेटीतला खोका पुढे केला. ज्ञानेशने बंद पुड्या बघितल्या आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण पार उतरला.

“मग प्रश्नच मिटला की. ज्या बाईनं माझी पुडी उघडली नाही, ती माझ्या पुडीनं मरेल कशी?”

बिनतोड होतं. तरी बुद्धरत्नने नमुने घेतले, शेडला सील ठोकलं आणि गिऱ्हाइकांची नावं विचारली. शेवटी रखडत एक नाव आलं आणि तो चमकला. ते नाव त्याच्या घरच्यासारख्या माणसाचं होतं.

४

उद्धवराव त्याच्या वडिलांचे जोडीदार. एकाच खात्यात, शेजारी शेजारी मशीनवर दोघांची उमर गेली. पिंपरीच्या जुन्या वसाहतीत ते एकटे राहायचे. बुद्धरत्नच्या वडिलांच्या मयतीला खांदा दिला आणि त्यानंतर दर रविवारी येऊन त्याच्या आईची विचारपूस करायचे.

“जय भीम, रत्ना. ये बाबा,” ते दारातच म्हणाले आणि हाताची मूठ वळवून दाखवली. “बघ. बुश्शर्टाची गुंडी लावता येत नव्हती मला. पुडी घेतली आणि आठवडा भरायच्या आत मूठ वळली. देवमाणूस आहे तो ज्ञानेश.”

त्यांचाही चेहरा भरला होता. गाल वर आले होते, मनगटावर निळे डाग होते. बुद्धरत्नला वाटलं, काकांना म्हातारपण मानवलं.

“काका, या पुड्या थोडे दिवस बंद करा. एक बाई गेली आहे. तपास चाललाय.”

“पुडीनं गेली?”

“तसं नाही अजून. पण जोखीम कशाला?”

उद्धवरावांनी कुरकुर केली. सकाळी पुडी घेतली नाही तर दिवस जात नाही, म्हणाले. फडताळातला खोका द्यायला त्यांचं मन होईना. बुद्धरत्नने हसत तो स्वतःच उचलला.

“चार दिवस नाही घेतली तर काय बिघडतंय, काका?”

पुढच्या दोन दिवसांत त्याच्या माणसांनी घरोघर जाऊन सगळ्यांच्या पुड्या गोळा केल्या. काम चोख झालं होतं. बुद्धरत्नला स्वतःबद्दल बरंही वाटलं.

५

“ओव्हाळ, विसर्जनाच्या बंदोबस्तात सगळी माणसं अडकणार,” वरिष्ठांनी सुनावलं. “त्याआधी सूनबाईला आत घ्या. बाई खोटं बोलली, डबा घेऊन गेली, सासूनं तोंड फिरवलं. आणखी काय आकाशवाणी व्हायला पाहिजे?”

बुद्धरत्नने एक दिवस मागून घेतला आणि तो तळेगावला भाग्यश्रीकडे गेला. खरं तर विचारायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. पण माणसाच्या हातात बेडी घालायची तर आरोप करणाऱ्याच्या घरी एकदा बसावं, असा त्याचा स्वभाव.

भाग्यश्रीने आदरातिथ्यात कसूर केली नाही. गरम थालीपीठ आणलं, बरोबर लोणचं वाढलं आणि ओशाळून म्हणाली, “दही नाही हं, साहेब. भाद्रपद आहे ना.”

“म्हणजे?”

“चातुर्मासाचा नेम. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही. आईनं लहानपणापासून लावून दिलाय. ती तर इतकी कडक, की ताकाचं भांडंही धुवून फळीवर चढवायची. मोडला नाही तिनं कधी.”

बुद्धरत्नचा घास हातातच राहिला. त्याच्या घरी वर्षावास होता, पावसाळ्यात विहारात ग्रंथाचं वाचन असायचं. हा नेम त्याने कधी ऐकला नव्हता. लातूरकडच्या सुनेलाही तो माहीत नव्हता, आणि सासू पहिल्यांदाच त्यांच्याकडे राहायला आलेली.

“वहिनीनं डब्यात दहीभात नेला होता,” तो म्हणाला.

भाग्यश्री उभी होती ती खाली बसली. तिने तोंडावर पदर घेतला. “म्हणजे ती नेम पाळत होती,” ती म्हणाली. “मरतानाही. आणि मी त्या पोरीला…”

बुद्धरत्नचं मन मात्र डब्यावरून पुढे सरकलं होतं. म्हैनाभर पुडी नको. पजू वरडंल. वाळवलेलं दही. म्हातारीला जे सांगितलं ते तिने अक्षरशः खरं मानलं. दही ते दही, ओलं काय आणि वाळलेलं काय. भाद्रपद लागला त्या दिवशी तिने पुडीला हात लावणं बंद केलं.

इथवर ठीक. पण मग ती मेली कशाने?

आणि तेव्हा त्याला दिव्याचं गेज आठवलं. आजवर सगळे एकच टोक लावत होते, पुडी घेतल्याने काय झालं. न घेतल्याने काय होतं, हे कुणी तपासलंच नव्हतं. ताटावरून उठून त्याने शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर स्वरूपांना फोन लावला.

६

“दह्याचे जंतू बंद करून माणूस मरेल का, मॅडम?”

“नाही,” स्वरूपा म्हणाल्या. “जंतूंचा सांध्यांना उपयोग होतो का, यावर खरंच काम चालू आहे. थोडीफार आशा आहे, अभ्यास लहान आहेत. फरक पडला तरी हळूहळू पडतो. बंद केले तर फार तर गुडघे पुन्हा कुरकुरतील.”

“आठवड्याच्या आत मूठ वळली, चेहरा गोल झाला, मनगटावर निळे डाग आले, तर?”

“हे जंतूंचं काम नाही. हे स्टेरॉइडचं. ओव्हाळ, या बाईच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पार सुकलेल्या होत्या. मी घरच्यांना विचारलं, कसलं औषध होतं? ते म्हणाले, काही नाही, फक्त ती दह्याची पावडर. म्हणून मी अडले होते.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्तदाब धरून ठेवणारा एक रस शरीर स्वतःच तयार करतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून देतात. ते औषध पायरीपायरीने उतरवायचं असतं. एकदम तोडलं तर अंगात ना बाहेरचं उरतं ना घरचं, आणि मग साधा तापही माणसाला घेऊन जातो.

“तिला पुडीनं नाही मारलं,” स्वरूपा म्हणाल्या. “पुडी नसण्यानं मारलं. त्या पुड्या घेणारं आणखी कुणी आहे का? त्यांना सांगा, एकदम बंद करू नका. आधी दवाखान्यात या म्हणावं.”

बुद्धरत्न गाडीकडे धावला. घरोघर जाऊन त्यानेच त्या बंद केल्या होत्या.

ठाण्यातली सगळी माणसं त्याने त्या घरांकडे पळवली. उद्धवरावांचा फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. तळेगावहून पिंपरीपर्यंत गाडी कशी आणली ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. गल्लीत मंडळाची पोरं गुलालात नाचत होती. काकांचं दार आतून लोटलेलं होतं.

ते कॉटवर होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, “कालपासून ताप होता. म्हणाले, रत्नानं सांगितलंय, थोडे दिवस कळ काढायची.”

७

पुड्या घेणारी बाकीची माणसं वेळेत दवाखान्यात पोहोचली. उद्धवराव दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. डॉक्टरांनी हरतऱ्हेने प्रयत्न केले, पण फार उशीर झाला होता. बुद्धरत्न दवाखान्यातून सरळ ठाण्यात आला, तोंडावर पाणी मारलं आणि ज्ञानेशला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता. तोवर हा गोड बोलून निसटला असता.

ज्ञानेश ऐटीत बसला. “मी सांगितलं होतं ना साहेब, माझी पुडी तिनं उघडलीच नाही.”

“पटलं,” बुद्धरत्न म्हणाला. “तरी काळजी म्हणून तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या पुड्या मी घरातून उचलल्या. आता कुणाकडेच नाही.”

ज्ञानेशचं हसू तोंडावरच गोठलं. “कधी उचलल्या?”

“शेडला सील ठोकलं त्याच्या मागोमाग.”

“सगळ्यांच्या?” त्याने रुमाल काढला. “साहेब, असं एकदम नाही करायचं. हळूहळू उतरवावं लागतं ते. निम्मी, मग पाव…”

बोलता बोलता तो थांबला. पण तोवर शब्द बाहेर पडले होते, आणि शेजारी बसलेल्या हवालदाराने ते ऐकले होते.

“दही उतरवावं लागतं, हे मला आज कळलं,” बुद्धरत्न म्हणाला. “जिवंत जंतू त्या भट्टीसारख्या शेडमध्ये राहतात, फ्रिज बंद ठेवून त्यात लेबलं ठेवतात, हेही तुमच्याकडेच कळलं. काय घालत होतात?”

ज्ञानेशने टेबलाकडे बघत सांगितलं. गोळ्या कुटून मिसळायचा तो. आधी नव्हता मिसळत.

“सुरुवातीला जंतू खरे होते, साहेब. शपथेवर सांगतो. पण त्यांना वेळ लागतो आणि लोकांना धीर नसतो. पंधरा दिवसांत येऊन भांडायचे, काही फरक नाही म्हणून. एकदा थोडं घातलं. म्हाताऱ्या माणसांनी माझे पाय धरले. मग थांबता येईना. पण मी कुणाला बंद करा म्हणालो नव्हतो. घेत राहिले असते तर कुणीही मेलं नसतं.”

बुद्धरत्नला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हात उचलला गेला नाही, कारण शेवटचं वाक्य त्याच्याही वर्मी लागलं होतं.

८

उद्धवरावांना अग्नी देऊन तो संध्याकाळी चिखलीला गेला. भाग्यश्री आधीच आली होती. तिने दिव्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते, आणि प्रज्वल त्यांच्यासमोर खाली मान घालून बसला होता. बायकोकडे बघायचं त्याचं अजूनही धाडस होत नव्हतं. कारण आता वेगळं होतं: दहीभात कानावर पडूनही रागाच्या भरात त्याला आईचा नेम आठवला नव्हता.

बुद्धरत्नने सगळं सांगितलं. नेम, पुडी, भेसळ, अटक. जेवढं पुसट करता येईल तेवढं केलं. पण दिव्याचा रोजगारच बारीक चूक धरण्याचा होता.

“म्हणजे पुडी बंद केली म्हणून गेल्या,” ती म्हणाली.

“पुडीत भेसळ होती म्हणून गेल्या.”

“साहेब, त्या दिवशी त्या नुसतं सांगत नव्हत्या. घाबरत घाबरत विचारत होत्या मला. बंद केली तर चालंल का गं?” दिव्याचे डोळे कोरडे होते. “मीच म्हणाले, महिनाभर नाही घेतली तर काय बिघडतंय. इतक्या खूश झाल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवला.”

तू चुकली नाहीस म्हणणं सोपं होतं, आणि ते खरंही होतं, पण त्याने तिला रात्री झोप लागली नसती.

“हेच वाक्य मीही बोललो,” बुद्धरत्न म्हणाला. “उद्धवकाकांना. माझ्या वडिलांसारखे होते. खोका मी स्वतः काढून नेला. आत्ता त्यांना पोचवूनच आलोय.”

दिव्याने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याच्यापुढे ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली. खालच्या मंडळाचा गणपती निघाला होता, त्याचे ढोल काचांवर धडधडत होते. हळूहळू ते लांब गेले.

“भाद्रपद कधी संपतो?” तिने विचारलं.

बुद्धरत्नला ते माहीत नव्हतं. उत्तर प्रज्वलने दिलं. आईच्या नेमांवरून आयुष्यभर वरडलेला तो, पण त्याला सगळं पाठ होतं.

“सर्वपित्रीला.”

“तोपर्यंत मी पाळते,” दिव्या म्हणाली. “त्यांचा अर्धा राहिलाय.”